विल्टचे पन्नास, करीचे तीस आणि टक्केवारीचा घोळ

एप्रिल २०२२ मध्ये जे. जे. रेडिक या एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, माजी खेळाडूने एका टीव्ही चर्चेत १९५० च्या दशकातला बॉस्टनचा गार्ड बॉब कूझी याला एका फटक्यात निकालात काढलं. कूझीला अडवायला समोर होतं कोण, तर प्लंबर आणि अग्निशामक दलातले लोक! कूझी तेव्हा ९३ वर्षांचा होता, आणि त्याने उत्तरही दिलं. पण त्यानंतर जो वाद पेटला तो आजतागायत त्याच दोन खुंट्यांभोवती फिरतो आहे. एका बाजूला टक्केवारीवाले: कूझीने कारकिर्दीत ३७.५ टक्के शॉट टाकले, आज अशा माणसाला कुठल्याही संघाच्या बाकावरही जागा मिळाली नसती. दुसऱ्या बाजूला जुन्यांचे भक्त: विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ मध्ये सामन्यामागे ५०.४ गुण केले, आजच्या सैल डिफेन्ससमोर त्याने सत्तर केले असते. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत. प्रत्यक्षात दोघांची चूक एकच. दोघंही एका काळातला माणूस उचलतात, दुसऱ्या काळात नेऊन ठेवतात आणि मग त्याला हरवतात किंवा जिंकवतात.

माझं म्हणणं असं की, स्कोअरिंगची कार्यक्षमता हा खेळाडूच्या अंगातला गुण नाही. उंची किंवा वजन जसं माणसाबरोबर जातं तशी ती जात नाही. त्या वर्षीचे नियम, पंचांच्या शिट्ट्या, रेषांची जागा आणि समोरचे खेळाडू यांच्याशी त्याचा जो हिशेब जुळतो तो म्हणजे कार्यक्षमता. म्हणून ६१ टक्के मोठे की ५३, हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे: त्या वर्षी लीगची सरासरी किती होती, हा माणूस तिच्या किती वर होता आणि किती शॉटचा बोजा उचलून तो तिथे टिकला? एवढं विचारल्यावरही उत्तर पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमात येत नाही, ढोबळ पायऱ्यांत येतं. पण ‘वेगवेगळ्या काळांची तुलना होऊच शकत नाही’ असं म्हणून हात झटकणं हीसुद्धा पळवाट आहे. तुलना होते, फक्त पट्टी नीट धरावी लागते.

आधी पट्टी. साधी फील्ड गोल टक्केवारी, म्हणजे चालू खेळात टाकलेल्या शॉटपैकी किती आत गेले, तीन गुणांचा शॉट आणि दोन गुणांचा शॉट एकाच मापाने मोजते आणि फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) मोजतच नाही, म्हणून ती बाद. जाणकार वापरतात ती ‘ट्रू शूटिंग’. एकूण गुण घ्यायचे, त्यांना शॉटचे प्रयत्न अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागायचं. ०.४४ कशासाठी? दोन फ्री थ्रो मिळून एक संधी खर्च होते, म्हणजे खरं तर ०.५ हवं. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो नवी संधी खात नाही, म्हणून आकडा थोडा खाली येतो. विल्टचं १९६१-६२ घ्या: ३,१५९ शॉट, १,३६३ फ्री थ्रो, ४,०२९ गुण. फ्री थ्रोंचे ६०० धरून ३,७५९ संधी, त्याची दुप्पट ७,५१८, म्हणजे ट्रू शूटिंग ५३.६. आता जेम्स हार्डनचं २०१८-१९: १,९०९ शॉट, ८५८ फ्री थ्रो, २,८१८ गुण, सामन्यामागे ३६.१. ट्रू शूटिंग ६१.६. झालं, म्हणतात टक्केवारीवाले, आठ टक्क्यांचा फरक, विषय संपला.

विषय इथे सुरू होतो. १९६१-६२ मध्ये अख्ख्या लीगचं ट्रू शूटिंग ४७.९ होतं. २०१८-१९ मध्ये ५६.०. म्हणजे विल्ट सरासरीच्या ५.७ वर, हार्डन ५.६ वर. ज्या आठ टक्क्यांवर एवढा खल होतो ते सगळेच्या सगळे काळाचे निघाले, माणसांच्या पदरात काहीच पडलं नाही. उलट तीच पट्टी स्टेफन करीच्या २०१५-१६ ला लावा. ट्रू शूटिंग ६६.९, लीग ५४.१, फरक १२.८. करीम अब्दुल-जब्बार १९७०-७१ मध्ये, म्हणजे अजून लू अल्सिंडर या नावाने खेळत असताना, ६०.६ वर होता आणि लीग ५० वर. फरक १०.६. मायकेल जॉर्डनचा १९८७-८८ चा हंगाम: ६०.३, लीग ५३.८, फरक ६.५. कच्चे आकडे पाहिले तर करीम, जॉर्डन आणि हार्डन एका ओळीत बसतात. सरासरीशी ताडून पाहिलं तर करीम त्या दोघांपासून बराच पुढे निघून जातो.

काळ म्हणजे तरी काय? धुकं नव्हे, ठोस निर्णय. काहींची तर तारीखवार नोंद आहे. २००४ च्या उन्हाळ्यात लीगने पंचांना सांगितलं की बाहेर चेंडू घेऊन खेळणाऱ्याला हाताने रोखणं, म्हणजे हँड चेकिंग, आता खपवून घ्यायचं नाही. २००३-०४ मध्ये सामन्यामागे संघाचे सरासरी गुण ९३.४ होते, पुढच्या हंगामात ९७.२ झाले. लीगचं ट्रू शूटिंग ५१.६ वरून ५२.९ वर गेलं. एका उन्हाळ्यात सगळ्या खेळाडूंचा नेम सुधारला का? त्याच्या दहा वर्षं आधी, १९९४-९५ मध्ये, तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) कमानीवर २३ फूट ९ इंचांवरून सर्वत्र २२ फुटांवर आणली. संघाचे तीन गुणांचे प्रयत्न सामन्यामागे ९.९ होते, ते १५.३ झाले आणि ट्रू शूटिंग ५२.८ वरून ५४.३ वर पोचलं. १९९७-९८ ला रेषा परत मागे नेली, तसं ते ५३.६ वरून ५२.४ वर घसरलं. नियम बदलला की आकडा कसा हलतो याचा इतका स्वच्छ प्रयोग दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच सापडेल.

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. सरासरीपासूनचं अंतर मोजायचं, ठीक, पण सरासरी कुणाची? १९६१-६२ मध्ये लीगमध्ये नऊ संघ होते. पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० मध्ये आले, आणि पुढची कित्येक वर्षं संघात त्यांची संख्या किती असावी याचा अलिखित कोटा चालत होता. परदेशी खेळाडू जवळपास नाहीतच. आज शंभराहून अधिक परदेशी खेळाडू आहेत आणि २०१९ ते २०२२ या सलग चार हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब ज्या दोघांनी वाटून घेतला त्यातला एक सर्बियाचा, दुसरा ग्रीसचा. शिवाय पगार इतके बेताचे की उन्हाळ्यात दुसरी नोकरी करणं तेव्हा सर्रास होतं. रेडिकचा टोमणा कुचका होता, पण हवेतून काढलेला नव्हता. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी बेसबॉलबद्दल मांडलेला युक्तिवाद इथे तंतोतंत लागू पडतो. १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर कुणी चाळीस टक्क्यांची फलंदाजी करू शकलं नाही, ते फलंदाज बिघडले म्हणून नव्हे. एकूण दर्जा वर गेला, सगळे एकमेकांच्या जवळ आले, म्हणून सरासरीपासून फार दूर उभं राहणंच अवघड झालं. तेव्हा १९५१ मधलं आठ टक्क्यांचं अंतर आणि २०१६ मधलं आठ टक्क्यांचं अंतर यांची किंमत सारखी नाही, हे मान्यच करायला हवं.

पण या मुद्द्याला दुसरी बाजू आहे आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. नऊ संघ म्हणजे साधारण शंभर खेळाडू. आज तीस संघांत साडेचारशेच्या वर. लीग लहान असली की तळाचे, गाळातले खेळाडू कमी असतात. विल्टच्या संघाला आठ प्रतिस्पर्धी आणि ऐंशी सामने, म्हणजे प्रत्येकाशी सरासरी दहा. त्यातला एक बॉस्टन, बिल रसेल या अव्वल बचावपटूसकट. आजचा स्कोअरर एकाच अव्वल बचावपटूसमोर नियमित हंगामात दोन-चारदा उभा राहतो. आणखी एक बारकावा: विल्टने त्या वर्षी सगळ्या लीगच्या गुणांपैकी जवळपास पावणेपाच टक्के एकट्याने केले. ज्या सरासरीशी त्याला ताडायचं ती त्याने स्वतःच वर ओढली आहे. त्याला वगळून हिशेब केला तर लीग ४७.९ वरून ४७.७ च्याही किंचित खाली येते. करीच्या बाबतीत हा परिणाम नगण्य, कारण तीस संघांच्या गुणांत त्याचा वाटा एक टक्काही नव्हता. म्हणजे ‘तेव्हाची लीग कमकुवत होती’ हे विधान अर्धं खरं. लीगकडे येणारी वाट अरुंद होती, पण आत बसायला जागाही थोड्याच होत्या. या दोन गोष्टी एकमेकांना पुरत्या खोडत नाहीत, मी वजन पहिलीला थोडं जास्त देतो. म्हणूनच विल्ट आणि हार्डन यांच्या ५.७ आणि ५.६ मध्ये मला हार्डन उजवा वाटतो. मात्र केसभर. प्लंबरवाल्यांना पाहिजे तेवढा नाही.

यावर एक हुकमी प्रश्न येतो. करीला १९६२ मध्ये नेलं तर? तिथे तर तीन गुणांची रेषाच नाही! ती एनबीएत १९७९-८० ला आली. चला, हाही हिशेब करून टाकू. करीने २०१५-१६ मध्ये ८८६ प्रयत्नांत ४०२ थ्री पॉइंटर टाकले. ते सगळे दोनच गुणांचे धरले तर त्याचे २,३७५ गुण १,९७३ वर येतात आणि ट्रू शूटिंग ६६.९ वरून ५५.६ वर कोसळतं. जुन्यांचे भक्त इथे टाळ्या वाजवतात. पण त्याच न्यायाने बाकी लीगचेही थ्री दोनाचे धरा ना. लीग ५४.१ वरून ४९.६ च्या आसपास येते. करी तरीही सहाने वर, म्हणजे विल्टच्या बरोबरीला. आणि हा आकडासुद्धा हास्यास्पद आहे, कारण रेषाच नसती तर करीने तिथून ८८६ वेळा चेंडू फेकला असता कशाला? तो शॉट तिथे आहे कारण त्याला तीन गुण आहेत. खेळाडू नियमांकडे पाहून घडतो. जॉर्डनला आज थ्री जमला असता का, यावर रात्री जागवणाऱ्यांनी एवढंच पाहावं: रेषा २२ फुटांवर असताना १९९५-९६ मध्ये त्याने २६० प्रयत्नांत १११ टाकले, ४२.७ टक्के. रेषा मागे गेली त्या १९९७-९८ मध्ये १२६ पैकी ३०, म्हणजे २३.८ टक्के. पहिला आकडा दाखवून तो आजचा शूटर ठरतो, दुसरा दाखवून नालायक. दोन्हींतून एवढंच सिद्ध होतं की लांबून शॉट घेणं हा त्याच्या काळात चरितार्थाचा भाग नव्हता.

बांबूच्या उडीची गोष्ट आठवावी. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूची काठी घेऊन ४.७७ मीटर उडी मारली, आणि तो विक्रम पंधरा वर्षं टिकला. मग फायबरग्लासची काठी आली. फेब्रुवारी १९६२ मध्ये, विल्टने हर्शी गावात शंभर गुण करण्याच्या एक महिना आधी, जॉन यूल्सेसने त्या वाकणाऱ्या काठीवर सोळा फूट ओलांडले. आज सहा मीटरच्या वर उड्या जातात. वॉर्मरडॅम दुबळा होता असं त्या खेळातलं कुणी म्हणत नाही, आणि त्याच्या हातात फायबरग्लास दिली असती तर किती, असं कोष्टकही कुणी मांडत नाही. त्याच्या वेळचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस त्याच्या किती खाली होता, हे पाहतात. आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे शहाणपण आपोआप येतं. व्हिव रिचर्ड्सचा एकदिवसीय स्ट्राइक रेट ९०.२०, सुनील गावसकरचा ६२.२६. आज नव्वदीच्या वर स्ट्राइक रेट असणारे फलंदाज मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, म्हणून रिचर्ड्स आजच्या मधल्या फळीतला एक साधारण खेळाडू होता असं कट्ट्यावर म्हणून पाहा. मग बास्केटबॉलमध्येच बुद्धी कुठे जाते?

आतापर्यंत मी अंतराबद्दल बोललो, बोज्याबद्दल नाही. आणि माझ्या मते या वादातला सर्वांत उपयोगी पुरावा विल्टविरुद्ध विल्ट हाच आहे. १९६१-६२ मध्ये तो सामन्यामागे ३९.५ शॉट घेत होता. सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर, म्हणजे ४८ मिनिटांच्या सामन्यात ओव्हरटाइमसकट जवळपास एक क्षणही विश्रांती नाही. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या हाताखाली त्याने शॉट १४.२ वर आणले, पास वाढवले, सामन्यामागे ७.८ असिस्ट (ज्यावर साथीदार बास्केट करतो ते पास) दिले. गुण २४.१ वर उतरले, पण फील्ड गोल ६८.३ टक्के आणि ट्रू शूटिंग ६३.७ झालं. लीग होती ४९.३ वर. फरक १४.४! करीच्या सर्वोत्तम हंगामापेक्षा जास्त, आणि तेही फ्री थ्रो ४४ टक्क्यांनी टाकत असताना. (१९६१-६२ मध्ये तो फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी टाकत असे आणि ६१ टक्के जात. पुढे ती पद्धत त्याने सोडून दिली. लोक हसतात एवढ्यासाठी इतके गुण सोडणारा दुसरा महान खेळाडू नसेल.) माणूस तोच, हात तेच, पाच वर्षांनी वयही वाढलेलं. फरक ५.७ वरून १४.४ झाला तो मुख्यतः शॉट निवडून घेता आले म्हणून. शॉट क्लॉकची, म्हणजे शॉट घ्यायला दिलेल्या वेळेची, शेवटची तीन सेकंदं, दोन माणसं अंगावर, तरी घ्यावाच लागणारा शॉट इतरांकडे गेला. अर्थात इतर म्हणजे हॅल ग्रीअर, चेट वॉकर आणि बिली कनिंगहॅम होते, हेही खरं. संघ ६८-१३ असा जिंकत गेला आणि विजेता ठरला.

म्हणून अंतर आणि बोजा यांचा गुणाकार करून पाहावा. सरासरी खेळाडूने तेवढ्याच संधी घेतल्या असत्या तर जितके गुण झाले असते त्यापेक्षा याने हंगामात किती जास्त केले? विल्ट १९६१-६२: सुमारे ४३०. विल्ट १९६६-६७: ४४० च्या आसपास. करीम १९७०-७१ आणि करी २०१५-१६: दोघंही साधारण ४५०. एक प्रचंड बोजा वाहणारा, एक बोजा टाकून मोकळा झालेला, एक हुक शॉटवाला, एक अर्ध्या मैदानातून टाकणारा, आणि चौघं वीस-पंचवीस गुणांच्या आत. जॉर्डन १९८७-८८ चे तीनशेच्या किंचित वर, हार्डन २०१८-१९ चे अडीचशेच्या थोडे वर. इथे एक दुरुस्ती मात्र लागते, ती म्हणजे वेगाची. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी ११८.८ गुण करत असे, २०१५-१६ मध्ये १०२.७. जिथे गुण स्वस्त, तिथे जादा गुणही स्वस्त. सामन्यामागचे जादा गुण संघाच्या सरासरी गुणांशी ताडले तर करीचे ५.६ टक्के, करीमचे ४.९, विल्टचे १९६६-६७ मध्ये ४.७ च्या जवळ आणि १९६१-६२ मध्ये ४.५. पन्नास गुणांचा हंगाम त्या दशकातल्या विल्टचाही सर्वांत मोलाचा हंगाम ठरत नाही. त्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन आणि नवखा वॉल्ट बेलमी दोघंही तीस-एकतीस गुण करून ५५.४ वर, म्हणजे ट्रू शूटिंगमध्ये विल्टच्या पुढे होते.

वजाबाकी करायची की भागाकार, यावरही लोक भांडतात. जॉर्ज मायकन १९५०-५१ मध्ये ५०.९ वर आणि लीग ४२.८ वर. ऑस्कर १९६३-६४ मध्ये ५७.६, लीग ४८.५. वजाबाकीने ऑस्कर एका टक्क्याने पुढे, भागाकाराने दोघं बरोबर. मी वजाबाकी धरतो, कारण फलकावर गुण मिळवले जातात, गुणले जात नाहीत. पण निकाल पद्धतीवर हलत असेल तर त्या दोघांत क्रम लावू नये, एवढं साधं आहे.

पट्टीतल्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण आकडेवाले त्या झाकून ठेवतात. ०.४४ हा गुणक आधुनिक नियमांवर बेतलेला आहे. सुरुवातीच्या दशकांत साध्या फाऊललाही एक फ्री थ्रो मिळत असे, आणि फाऊलची मर्यादा संपली की तीन प्रयत्नांत दोन करायची सवलत होती, जी १९८१ पर्यंत चालली. पहिल्या नियमाने गुणक वर जायला हवा, दुसऱ्याने खाली. विल्टसाठी ०.५ धरा, ट्रू शूटिंग ५२.५ होतं. ०.४ धरा, ५४.४. म्हणजे दशांश चिन्हापुढचा आकडा घेऊन छाती पिटण्यात अर्थ नाही. दुसरी खोट मोठी: ट्रू शूटिंगमध्ये टर्नओव्हर नाही. हार्डनने २०१६-१७ मध्ये ४६४ वेळा चेंडू गमावला, आणि त्या प्रत्येक वेळी एक संधी शॉटविना गेली, तरी त्याच्या टक्केवारीला ओरखडा नाही. एनबीएने टर्नओव्हर नोंदवायला सुरुवात केली १९७७-७८ पासून. त्याआधीच्या तीन दशकांचा हा रकानाच कोरा आहे.

कार्यक्षमतेच्या पुजाऱ्यांसाठी एड्रियन डँटलीचं नाव पुरेसं आहे. १९८३-८४ मध्ये यूटाकडून सामन्यामागे ३०.६ गुण, ट्रू शूटिंग ६५.२, लीग ५४.३, फरक १०.९. कागदावर हा माणूस जॉर्डनच्या कुठल्याही हंगामाच्या पुढे. कसा? ८१३ यशस्वी फ्री थ्रो. चेंडू घ्यायचा, थांबायचं, समोरच्याला हलवायचं, अंगावर ओढायचं आणि रेषेवर जायचं. तेवढा वेळ बाकी चौघं उभे. फेब्रुवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटने त्याला देऊन मार्क अग्वायरला घेतलं, आणि त्याच वर्षी व पुढच्याही वर्षी विजेतेपद मिळवलं. यावरून डँटली वाईट होता असं सिद्ध होत नाही, संघ आधीही उत्तमच होता. पण एकट्याची किफायत आणि संघाची किफायत यांत अंतर पडू शकतं, एवढं तरी दिसतं. करीचं नेमकं उलट. तो चेंडूशिवाय धावतो तेव्हाही दोन बचावपटू त्याच्यामागे ओढले जातात आणि मोकळ्या झालेल्या साथीदाराचा सोपा बास्केट साथीदाराच्या खात्यात जमा होतो. टायसन चँडलरने २०११-१२ मध्ये ७०.८ ट्रू शूटिंग केलं, सामन्यामागे ११.३ गुणांवर, बहुतेक हूपखाली मिळालेल्या पासवर. निकोला योकिचने २०२२-२३ मध्ये ७०.१ केलं ते २४.५ गुणांवर, शिवाय संघाचा सगळा खेळ स्वतःच्या हातातून खेळवत. या दोन आकड्यांना शेजारी बसवणारं कोष्टक छापू नये.

आणि आता पुन्हा कूझी. १९५७ चा सर्वोत्तम खेळाडू, त्या हंगामात ३७.८ टक्के. हसू येतं ना? लीगचे होते ३८.०. २००१ चा सर्वोत्तम खेळाडू ॲलन आयव्हरसन, ३१.१ गुण, ट्रू शूटिंग ५१.८. लीगही ५१.८. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन चपळ गार्ड, दोघंही अगदी सरासरीवर, दोघंही संघाचा सर्वांत जास्त बोजा उचलणारे. आयव्हरसनच्या सिक्सर्स या फिलाडेल्फियाच्या संघामध्ये स्वतःचा शॉट स्वतः तयार करू शकेल असा दुसरा माणूस नव्हता, आणि संघ अंतिम फेरीत गेला. ज्यांना आयव्हरसन सलतो त्यांनी कूझीवर खुशाल टीका करावी, निदान माप तरी एक राहील. पण आयव्हरसनला डोक्यावर घेऊन कूझीच्या ३७ टक्क्यांवर हसायचं, हे चालणार नाही.

पायऱ्या लावायच्याच तर माझ्या अशा: वर करी २०१५-१६, करीम १९७०-७१ आणि विल्ट, पण १९६६-६७ चा. त्याखाली पन्नास गुणांचा विल्ट, ऑस्कर आणि जॉर्डन. हार्डन त्यांच्या किंचित मागे. डँटली कुठे, यावर माझंच मत पक्कं नाही. वरच्या तिघांत एकच निवडा म्हटलं तर मी करी म्हणेन. गुण महाग असलेल्या, दाट स्पर्धेच्या लीगमध्ये ते अंतर त्याने काढलं म्हणून. करीमवाले लगेच विचारतील, टर्नओव्हरचं काय? करीचे त्या हंगामात सामन्यामागे ३.३ होते. करीमचे १९७०-७१ मध्ये किती होते ते कुणी टिपूनच ठेवलेलं नाही, त्यामुळे तो डाव त्यांना मांडता येत नाही आणि मला मोडता येत नाही.